शिट्टीच वाजवायची तर एवढं फिरलो कशाला?

पत्राचा सारांश: भुसावळचे एक वाचक, वय ३५. वडील रेल्वेत लोको पायलट होते, आता निवृत्त. कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल शिकले, विद्यापीठाकडून खेळले. २३व्या वर्षी मालदीवमधल्या एका क्लबचं बोलावणं आलं, तेव्हा हातातली खासगी नोकरी सोडून गेले. पुढच्या ११ वर्षांत मालदीव, नेपाळ आणि आखातातले दोन देश मिळून सहा क्लब झाले. दोन हंगामांच्या वर कुठंच नाही. शेवटच्या क्लबनं दोन महिन्यांचा पगार बुडवला. डाव्या गुडघ्याची कूर्चा झिजली आहे. गेल्या वर्षी घरी परतले. पत्नी खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन, मुलगी पहिलीत.

आता जळगावच्या एका शाळेनं बास्केटबॉल कोच म्हणून विचारलं आहे. महिना २२ हजार मानधन, करार ११ महिन्यांचा. त्याच आठवड्यात जुन्या एजंटाचा फोन आला: आखातात आणखी एक हंगाम, सात महिने, महिना १ लाख १० हजार, पहिला महिना ट्रायलचा. वडील म्हणतात, दोन्ही सोड, यावलकडची पावणेतीन एकर केळी बघ. पत्राच्या शेवटी ते विचारतात: "रस्त्यात जो भेटतो तो विचारतो, काय भो, परत आला का? अकरा वर्षं खेळून हाती काय आलं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. शाळेत शिट्टीच वाजवायची होती तर एवढं फिरलो कशाला? ताई, एक शेवटचा हंगाम खेळून सन्मानानं थांबू, की आत्ताच कोच होऊ?"

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना क्लब मोजले, दुसऱ्यांदा पैसे मोजले. तिसऱ्यांदा मात्र एका ओळीपाशी अडकले. सारांशात ती मुद्दाम घेतली नाही, कारण तिच्यावर नीट बोलायचं आहे. तुम्ही लिहिलंय: "संध्याकाळी कॉलनीतली आठ-दहा पोरं येतात, त्यांना थोडं शिकवतो. परवा एक सातवीतली मुलगी सारखी ट्रॅव्हल करत होती, जरा ओरडलो, दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. असो." (ट्रॅव्हल म्हणजे टप्पा न देता बॉल हातात धरून नियमापेक्षा जास्त पावलं टाकणं.) त्या "असो"कडं आपण नंतर येऊ.

आधी "फिरस्ता" या शब्दाचं बघू. तुम्ही तो स्वतःसाठी पाच वेळा वापरलाय, आणि पाचही वेळा शिवीसारखा. भुसावळच्या माणसानं, त्यातून लोको पायलटच्या मुलानं, हे म्हणावं याचं मला नवल वाटलं. माझे मामा गार्ड होते. रात्री दोनला कॉलबॉय दारावर काठी आपटायचा, वहीवर सही घ्यायचा, आणि मामा पेटी उचलून निघायचे. आज इगतपुरीची रनिंग रूम, म्हणजे गाडीवरच्या माणसांची मुक्कामाची खोली, परवा खंडव्याची, मग बडनेऱ्याची. दुसऱ्याच्या अंगाचा वास असलेली गादी, खानसाम्यानं केलेली आमटी, आठ तासांची झोप, की परत गाडी. सगळी नोकरी अशी गेली. "मामा, एका जागी टिकला नाहीत" असं त्यांना कुणी म्हटलं नाही. कामच तसं होतं. तुमच्या वडिलांचंही तसंच असणार. तुमचं काम त्याहून फार वेगळं होतं का? फक्त तुमच्या रनिंग रूमला पासपोर्ट लागायचा, आणि शेवटी पेन्शन नव्हती. पीएफही नव्हता. तो तोटा खरा आहे, तो मी लपवत नाही. पण तोटा वेगळा आणि नापास होणं वेगळं.

जगभर बास्केटबॉल खेळून पोट भरणाऱ्यांतले बहुतेक जण तुमच्यासारखेच असतात. एका हंगामाचा करार, क्लबनं दिलेली खोली, परतीचं तिकीट. हंगाम संपला की एजंटाच्या फोनची वाट. आपल्या देशातून तर त्या वाटेला लागलेलेच थोडे. सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं एनबीए या अमेरिकी लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२व्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा आपल्या पेपरांना बास्केटबॉल आठवला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्लबांशी, विशेष भृगुवंशी ॲडलेड थर्टीसिक्सर्सशी आणि अमृतपाल सिंग सिडनी किंग्जशी करारबद्ध झाले, तेव्हा पुन्हा आठवला. ही देशातली वरची फळी, आणि त्यांनाही बाहेर पाय रोवणं सोपं गेलं नाही. तुम्ही त्या फळीतले नव्हता, हे तुम्हीच प्रामाणिकपणे लिहिलंय. मग भुसावळच्या सिमेंटवर शिकलेला मुलगा ११ वर्षं खेळाच्या पैशावर घर चालवतो, यात "हाती काय आलं" हा प्रश्न नक्की कुणाचा? चौकात "काय भो" म्हणणाऱ्याचा की तुमचा?

हाती काय आलं ते तुमच्याच पत्रात विखुरलेलं आहे. सहा वेळा तुम्ही अनोळखी ड्रेसिंग रूममध्ये शिरलात. आठवडाभरात नव्या कोचचे सेट, म्हणजे ठरवलेल्या चाली, पाठ केलेत. भाषा येत नसताना बचावात हाका मारायला शिकलात. बाहेरचा खेळाडू म्हणून पहिल्या दिवसापासून २० पॉइंटची अपेक्षा अंगावर घेतलीत. आणि शेवटच्या क्लबमध्ये अख्खा हंगाम बाकावर बसून सामन्याला सहा-सात मिनिटं खेळलात. हे शेवटचं तुम्ही शरमेनं लिहिलंय, पण तुम्ही कोच व्हायचं म्हटलं तर मला त्याचीच किंमत सगळ्यात जास्त वाटते. शाळेच्या संघात १२ पोरं असतात, कोर्टवर पाच. उरलेल्या सात पोरांच्या पोटात काय कालवतं, हे ज्याला कधी बाहेर बसवलंच नाही त्याला कसं कळणार?

इथं मला दोन नावं घ्यायचा मोह होतोय. एरिक स्पोलस्ट्रा जर्मनीतल्या हेर्टेन नावाच्या छोट्या गावाच्या क्लबकडून दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळायचा, सोबत क्लबच्या पोरांना शिकवायचा. १९९५ मध्ये एनबीएतल्या मायामी हीट संघात लागला तो व्हिडिओच्या खोलीत, टेपा कापायला. २००८ मध्ये त्याच संघाचा मुख्य कोच झाला, २०१२ आणि २०१३ मध्ये विजेतेपद. निक नर्स विशीतच इंग्लंडमध्ये डर्बीच्या संघाचा खेळाडू-कोच होता, मग इंग्लंड-बेल्जियममध्ये वर्षानुवर्षं लहान क्लब सांभाळले, आणि २०१९ मध्ये टोरोंटो रॅप्टर्सला एनबीएचं विजेतेपद मिळवून दिलं. पण ही नावं उशाशी घेऊन झोपू नका. त्याच वाटेनं गेलेले हजारो जण कुठल्या तरी शाळेत, कुठल्या तरी गावात पोरांना लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट, शिकवतायत आणि त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मला त्या दोघांची एकच गोष्ट तुमच्यापुढं ठेवायची आहे. दोघांनीही खालच्या खोलीतून सुरुवात केली. तिथं खेळाडू म्हणून मिळालेला मान काढून बाहेर ठेवावा लागला.

आता शेवटचा हंगाम. पैशाच्या बाजूनं कागदावर तो जिंकतो, ते मान्य करूनच बोलू. सात महिन्यांचे ७ लाख ७० हजार, आणि शाळेचे ११ महिन्यांचे २ लाख ४२ हजार. पण पहिला महिना ट्रायलचा, म्हणजे तिसाव्या दिवशी "आभारी आहोत" म्हणून तिकीट हातात दिलं तर तुमची मिळकत १ लाख १० हजार. तोवर शाळेनं दुसरा माणूस नेमलेला असेल. शिवाय गेल्या क्लबचा पगारही तेवढाच होता असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बुडालेले दोन महिने २ लाख २० हजारांचे. शाळेचं जवळपास वर्षभराचं मानधन एका क्लबनं खिशात घातलं, आणि तुम्ही त्यावर एक ओळ लिहून पुढं गेलात!

त्याचं आधी बघा. जुना करार बाहेर काढा आणि शेवटच्या पानांवर वाद कुठं मिटवायचा हे वाचा. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फिबा, हिच्या पुढाकारानं २००७ पासून जिनिव्हात एक लवाद चालतो, बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल. करारात त्याचं कलम असेल तर खेळाडूला क्लबविरुद्ध तिथं दाद मागता येते. निकाल लागूनही क्लबनं पैसे दिले नाहीत, तर नवे खेळाडू नोंदवायला फिबा त्या क्लबला मनाई करू शकते. क्लब घाबरतात ते याला. कलम नसेल तर तो रस्ता बंद. लवादाची फी आधी भरावी लागते, तेव्हा रक्कम आणि खर्च यांचा हिशेब वकिलासोबत मांडा. नव्या करारातही पहिलं बघायचं ते हेच. मग ट्रायलचा महिना मोडला तर पैसे किती, गुडघा गेला तर ऑपरेशन कुणाच्या खर्चानं, एजंटाचं कमिशन कोण देणार. एजंट फोनवर "ते सगळं होऊन जाईल" म्हणाला तर ते कागदावर मागा. कागद आला नाही तर उत्तर मिळालंच समजा.

माझं मत विचाराल तर जाऊ नका. गुडघ्यामुळं नाही, पैशामुळंही नाही. तुमच्या "सन्मानानं" या शब्दामुळं. त्या शेवटच्या हंगामात प्रेक्षकांच्या बाकड्यांवर कोण बसलेलं असेल? भुसावळचं कुणी? वडील? चौकातला तो भो? ज्यांना दाखवायचंय त्यातला एकही माणूस तिथं नसणार. तुम्ही बाकावर बसून सात महिने काढाल, परत याल, आणि स्टेशनबाहेरचा रिक्षावाला पुन्हा तेच विचारेल. आता पैशाची खरीच तातडी असेल, कर्जाचा हप्ता असेल, तर गोष्ट वेगळी. मग करार वर सांगितल्यासारखा तपासून, ट्रायलची अट काढून घेऊन जा. ती नोकरी आहे, मानपान नाही, एवढं मनाशी पक्कं करून जा.

हे ठरवायच्या आधी एका माणसाला विचारा. चार पानांच्या पत्रात वडिलांचं मत आहे, एजंटाचं आहे, चौकाचं आहे. पत्नीचं नाही. ११ वर्षं ज्या बाईनं इथं घर आणि नोकरी दोन्ही ओढलं, तिला काय वाटतं? तुम्ही विचारलंत आणि लिहायचं राहिलं असेल तर माफ करा. विचारलंच नसेल तर आज रात्री विचारा, आणि विचारताना स्वतःचं उत्तर आधी सांगू नका.

आता ती मुलगी.

माझा भाचा चोपड्याला क्रीडाशिक्षक आहे. तुमचं नाव न सांगता मी त्याला एवढंच विचारलं की सातवीतली मुलगी सारखी ट्रॅव्हल करते, काय करावं? मला वाटलं तो एखादा ड्रिल सांगेल. त्यानं उलट विचारलं, "मावशी, तिच्या हातात बॉल कितवा होता?" मला काय माहीत? मग त्यानं समजावलं. पुरुषांचा बॉल सात नंबरचा, बायकांचा सहा, तो जरा लहान आणि हलका. बारा वर्षांच्या आतल्यांना पाच नंबर. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटरवर आणि मिनी बास्केटबॉलची २.६० मीटरवर. सातवीतल्या मुलीच्या हातात सात नंबर दिला तर एक तर तो तिच्या पंजात नीट बसत नाही, आणि दुसरं म्हणजे रिंगपर्यंत पोचवायला जोर पुरत नाही. मग ती काय करते? जोर गोळा करायला एक पाऊल जास्त टाकते. "तिला नियम कळत नाही असं नाही," भाचा म्हणाला, "तिचे पाय हाताची उसनवारी फेडतायत."

भाऊ, तुमच्याकडचा बॉल कितवा होता? माझा अंदाज आहे की तुमच्याच किटमधला, सात नंबरचा.

हे वाचून तुम्हाला लागेल, आणि थोडं लागावंच. ११ वर्षं ज्यानं प्रत्येक क्लबात पहिल्या दिवशी कोर्ट, बॉल, फळी सगळं हातानं चाचपून बघितलं असेल, त्याला पोरीचा बॉल दिसला नाही, कारण त्या क्षणी तो शिकवत नव्हता. तो अजून खेळत होता. खेळाडूला चूक दिसते आणि तो ओरडतो, सोबत्यावर ओरडायची सवयच असते. कोचला चूक दिसली की त्यानं मागं जाऊन ती कुठून आली ते शोधायचं असतं. हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्यात तुम्ही जाणते आहात, दुसऱ्यात नवशिके. "एवढं फिरलो कशाला" यातलं दुःख मला इथं दिसतं. तुम्हाला वाटतं कोच होणं म्हणजे खेळाडूची एक पायरी खाली. मी म्हणेन ती पायरीच वेगळ्या जिन्याची आहे, आणि पस्तिशीत दुसऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहायला लाज वाटते, एवढंच.

तेव्हा त्या मुलीला परत बोलवा. तिच्या घरी एकटे जाऊ नका, तिच्या आईशी किंवा वडिलांशी बोला. आणि ज्या पोरांसमोर ओरडलात त्याच पोरांसमोर सांगा, की चूक बॉलची होती आणि ती माझ्या लक्षात यायला हवी होती. मोठा माणूस चूक कबूल करतो हे त्या पोरांनी कदाचित पहिल्यांदा बघितलेलं असेल. मुलींना शिकवताना काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा: कोर्टवर एखादी आई, ताई किंवा शिक्षिका हजर असावी, बंद खोलीत एकट्या मुलाशी-मुलीशी बोलणं नको, वैयक्तिक मेसेज नकोत, जे कळवायचं ते पालकांच्या ग्रुपवर. यानं मुलं सुरक्षित राहतात आणि तुमच्याकडंही बोट दाखवायला जागा उरत नाही.

शाळेच्या प्रस्तावात एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्हाला "कोच" म्हणून बोलावलंय, "क्रीडाशिक्षक" म्हणून नाही. क्रीडाशिक्षकाच्या पदाला बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागतं, ते आता दोन वर्षांचं आहे. कोच मानधनावर, ११ महिन्यांचा करार, दर वर्षी नवा. म्हणजे सध्या तुम्ही एका फिरत्या करारातून दुसऱ्या फिरत्या करारात जाताय, हे ओळखून जा. कागद हातात असेल तर पुढचं दार उघडतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा कोचिंग डिप्लोमा आहे, आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही. घर आणि नोकरी सांभाळून तुम्हाला सहा आठवडे जमतील. पात्रतेच्या अटी त्या-त्या वर्षाच्या जाहिरातीत बघा. विद्यापीठाची आणि राज्य पातळीची प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत असतील तर काढा. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी लागते, आपल्याकडची नाशिक विभागाच्या क्रीडा उपसंचालकांकडून. वय आणि स्पर्धेची पातळी बसते का ते तिथंच विचारा. गावातल्या जाणकारांवर जाऊ नका, मीही त्यातलीच एक समजा.

शाळेला भेटाल तेव्हा पगारावर घासाघीस कराच, पण त्याआधी विचारा की बॉल किती आणि कितव्या नंबरचे आहेत. मुलींचा संघ आहे का? जिल्हा स्पर्धेला प्रवासखर्च कोण देणार? १४, १७, १९ वर्षांखालचे तिन्ही गट तुम्हीच बघायचे का? आणि एप्रिल-मेमध्ये सराव किती वाजता? हे शेवटचं चेष्टेवारी नेऊ नका. आपल्या उन्हात पारा ४५ला टेकतो तेव्हा सिमेंटचं कोर्ट संध्याकाळी सहालाही बुटातून चटके देतं. सकाळी साडेपाचची वेळ मिळाली तरच उन्हाळी शिबिराला अर्थ. पालक एक प्रश्न हमखास विचारतील, "सर, दहावीला ग्रेस मार्क मिळतील का?" त्यावर नाक मुरडू नका. मिळतात, कुठल्या पातळीवर खेळल्यावर किती ते आधी माहीत करून घ्या आणि सांगा. ग्रेस मार्कांसाठी आलेलं पोरगं बॉलसाठी थांबतं, भाच्याचा अनुभव आहे.

२२ हजारांत भागणार नाही हे खरं. कॉलनीतला संध्याकाळचा वर्ग थोडी फी घेऊन नीट चालवता येईल, त्यात संकोच नको. भुसावळ-जळगाव रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आसपास, पासवर जाता येतं. केळीचं म्हणाल तर वडिलांना थेट नाही म्हणू नका. पावणेतीन एकरांवर पूर्ण वेळचा शेतकरी लागेल असं मला वाटत नाही. ठिबक आहे, वाटेकरी आहे, तर कापणीच्या दिवसांत तुम्ही उभे राहिलात तरी त्यांना पुरेल. त्यांना केळीपेक्षा तुमचं घरी असणं हवंय, असा माझा संशय आहे. विचारून बघा, लोको पायलट सहसा असं बोलून दाखवत नाहीत.

हे पत्र वाचणाऱ्यांत जहाजावरून उतरलेले असतील, दुबईच्या साइटवरून परतलेले असतील, नाटक मंडळीबरोबर दहा वर्षं हिंडून आलेले असतील. त्यांना मी हेच सांगेन की परतल्यावर पहिलं वर्ष चौकाला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. "हो, परत आलो" एवढं पुरतं. जुन्या कामाची येणी, कागद आणि प्रमाणपत्रं गोळा करा, आणि नव्या कामात कुणाच्या तरी हाताखाली सहा महिने काढायची तयारी ठेवा. भाऊ, तुम्हीही जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या कोचला गाठून म्हणा, आठवड्यातून दोन दिवस तुमच्या सरावाला येऊन कडेला उभा राहतो. बोलू नका, वही घेऊन जा.

शाळेला उत्तर द्यायला तुमच्याकडं दहा दिवस आहेत. तेवढ्यात पाच नंबरचा एक आणि सहा नंबरचे दोन बॉल घ्या, महाग नको, रबरी चालतील. आणि कॉलनीतल्या रिंगची उंची टेपनं मोजून घ्या. भाचा म्हणतो, पोरं लटकून लटकून जुन्या रिंगा पुढं झुकलेल्या असतात, आणि मग सगळ्यांचेच शॉट चुकतात.